पाटीवर अक्षर येण्याआधी

मंगरूळपीर तालुक्यात चार वर्षांच्या लेकरापुढे साधारण दोन दारे असतात. एक अंगणवाडीचे, दुसरे ‘कॉन्व्हेंट’चे. विदर्भात कॉन्व्हेंट म्हणवून घ्यायला मिशनरी संस्था असावी लागत नाही. नर्सरी, केजी-वन, केजी-टू असे वर्ग, गळ्यात टाय आणि पाठीवर दप्तर एवढे पुरते. अंगणवाडीत फी नाही, खाऊ मिळतो. कॉन्व्हेंटात फी आहे, वह्या आहेत. पण दोन्हीकडून घरी आलेल्या मुलाला घरचे लोक एकच प्रश्न विचारतात : आज काय लिहिलं? पाटी कोरी दिसली की ‘तिथं काही शिकवत नाहीत’ असा निकाल लागतो.

हा निकाल फार घाईचा आहे. वाचन-लेखनाची सुरुवात अक्षर गिरवण्याच्या बरीच आधी होते. तीन ते सहा या वयात जे घडायला हवे त्यातले बहुतेक कानात, जिभेवर आणि बोटांत घडते, म्हणून ते वहीत दिसत नाही. मराठी लिपी शिकताना आणि त्यातही वऱ्हाडी बोलत शिकताना हे नेमके कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे.

बालवाडी गावात कशी आली

लहान मुलांसाठी वेगळी शाळा हवी, हा विचार युरोपातला. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. १९२० मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले आणि तिथे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या या बाईंनी पुढे महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाची पायाभरणी केली. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या.

शहरातली माँटेसरी शाळा महाग साधनांवर चालते आणि खेड्यातले मूल तिथवर पोचत नाही, ही अडचण ताराबाईंना दिसत होती. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. लाकडी मणी आणि रंगीत ठोकळ्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आले. शिकवण्याची साधने विकत आणावी लागत नाहीत, ती परिसरात असतात, हे कोसबाडने दाखवून दिले.

सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्या पहिल्या फेरीत मेळघाटातला धारणी तालुका होता. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. मंगरूळपीर ज्यात येते तो वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या यादीत शिक्षण आणि पोषण हे दोन्ही निकष होते, आणि अंगणवाडीत ते दोन्ही एकाच खोलीत बसतात.

एका खोलीतले सहा उद्योग

अंगणवाडी म्हणजे फक्त बालवाडी नव्हे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्या अंगावर आहेत. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, तिच्यात एक सेविका आणि एक मदतनीस. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ठरलेल्या प्रमाणात कॅलरी आणि प्रथिने मिळावीत, असा आहाराचा दंडक. वजन-उंची मोजायची, ती मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायची, गरोदर बायांच्या घरी जायचे, रजिस्टरे लिहायची. या सगळ्यातून जो वेळ उरतो, त्यात ही सेविका, म्हणजे मुलांची ताई, गोष्ट सांगते.

म्हणूनच अंगणवाडीतले शिक्षण वेळापत्रकाच्या तासात शोधले तर थोडे दिसते, आणि दिवसभराच्या व्यवहारात शोधले तर भरपूर. हजेरीच्या वेळी आपल्या नावाची चिठ्ठी ओळखून तक्त्यावर लावणे हे वाचन आहे. ‘आज किती जण आले, किती ताटल्या लागतील?’ हे गणित आहे. हात धुवायला रांग लावताना ‘आधी’, ‘नंतर’, ‘मधे’, ‘शेवटी’ हे शब्द अंगात मुरतात, आणि पुढे ओळ डावीकडून उजवीकडे वाचताना हेच शब्द लागतात. खिचडी शिजण्याचा क्रम सांगणे म्हणजे घटना ओळीने मांडणे. चौथीत निबंध लिहिताना हेच कौशल्य वापरायचे असते. ज्या ताईला हे ठाऊक असते ती ताटल्या वाढतानाही शिकवत असते.

आधी कान

आपल्याच गावाचे नाव घ्या. ‘मंगरूळपीर’ असे म्हणत टाळ्या वाजवायला सांगितल्या तर मूल तीन टाळ्या वाजवते : मंग, रूळ, पीर. लिहिताना मात्र हाच शब्द सहा अक्षरांचा होतो : मं, ग, रू, ळ, पी, र. उच्चाराचे तुकडे आणि लिहिलेली अक्षरे यांची गणती जुळत नाही. ‘घर’ लिहिताना घ आणि र अशी दोन पूर्ण अक्षरे येतात. बोलताना शेवटच्या र मधला अ गळून जातो. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही. पाच वर्षांच्या मुलाला मात्र क, म, ळ असे सुटे वाचून त्यांतून ‘कमळ’ हा बोलण्यातला शब्द ओळखायचा असतो, आणि ही उडी मोठी असते.

ही उडी सोपी करणारा सराव पाटीशिवाय होतो. टाळ्यांवर नाव म्हणणे, ‘मामा’ आणि ‘मका’ यांच्या सुरुवातीला सारखे काय ऐकू येते ते शोधणे, यमक जुळवणे, मुद्दाम चुकीचा शब्द घालून गाणे म्हणणे आणि मुलांना हसवणे. बडबडगीतांचा खरा उपयोग इथे आहे. अर्थ बाजूला ठेवून शब्दांच्या नुसत्या आवाजाशी खेळायची सवय त्यांतून लागते. ज्या मुलाला शब्द आवाजांत तोडता येतो, त्याला अक्षर म्हणजे त्यातल्या एका आवाजाची खूण, हे सांगावे लागत नाही.

लिपीचे आपले वळण

सुरुवातीचे वाचन शिकवण्याविषयीचे बरेचसे संशोधन इंग्रजीवर झाले आहे, आणि तिथल्या युक्त्या जशाच्या तशा मराठीला लागू पडत नाहीत. इंग्रजीत २६ अक्षरे, पण त्यांचे उच्चार लहरी. मराठीत उच्चार बहुतांशी नेमके, पण शिकायची चिन्हे भरपूर. क ते ज्ञ ही ३६ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची १२ रूपांची बाराखडी केली तर ४३२ आकृत्या होतात. जोडाक्षरे आणखी वेगळी. कन्नडसारख्या सजातीय लिपीत सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरांवर पूर्ण पकड यायला मुलांना प्राथमिकची काही वर्षे लागतात असे आढळले. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला बाराखडी येत नाही, यात काळजी करण्यासारखे काही नाही. लिपीच तेवढा वेळ मागते.

त्यात मराठीचे स्वतःचे पेच आहेत. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी क च्या डावीकडे येते. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च एकाच आकृतीचा, पण उच्चार दोन. र कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी येतो. हे पेच मुलाने पाठ करायचे नसतात, हळूहळू भेटायचे असतात. तीन वर्षांच्या मुलाला आधीच ३६ मुळाक्षरे ओळीने घोकायला लावली तर त्याला ती म्हणता येतात, पण मधलेच एखादे दाखवले की ओळखता येत नाही. ते अक्षर वाचत नसते, गाणे म्हणत असते.

शाया, केयं आणि इहीर

आता वऱ्हाडी मूल वर्गात बसवा. त्याच्या घरी शाळा ‘शाया’ असते, केळं ‘केयं’ असते, डोळा ‘डोया’. पाणी ‘पानी’ असते. विहिरीला ‘इहीर’ म्हणतात. भिंतीवरच्या तक्त्यात ‘ळ’ समोर बाळ आणि ‘ण’ समोर बाण काढलेला. म्हणजे ज्या दोन आवाजांसाठी ही दोन अक्षरे आहेत, ते त्याच्या घरच्या बोलण्यात फारसे नाहीतच. विहिरीचे चित्र दाखवून व शिकवायचा म्हटले तर त्याला सुरुवातीला इ ऐकू येते, आणि त्याच्या कानाचे म्हणणे बरोबर आहे. ‘ऐ’ समोरची ऐरण तर आता शहरात आणि खेड्यात कुठेच सहज दिसत नाही.

वऱ्हाडीच्या शेजारी इथे आणखी भाषा आहेत. मंगरूळपीर हे बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानाचे गाव आणि हयात कलंदर यांच्या दर्ग्याचेही. उर्दू बोलणारी मुले इथे पुष्कळ. तालुक्यातल्या तांड्यांवर घरात गोरबोली चालते. तिथे आई ‘याडी’ असते, पोरे छोरा-छोरी असतात. एकाच गल्लीत उर्दू माध्यमाचे मूल उजवीकडून डावीकडे लिहायला शिकते आणि मराठी माध्यमाचे डावीकडून उजवीकडे. आपण कुठल्या दिशेने वाचतो हेसुद्धा शिकावे लागते, ते जन्मतः कळत नाही, याचा इतका उघड दाखला फार थोड्या गावांत मिळेल. दोन लिप्यांच्या पाट्या पाहत मोठे होणाऱ्या मुलाला लिपी हा माणसांनी ठरवलेला नियम आहे याची जाणीव लवकर होऊ शकते. मात्र त्या पाट्यांकडे कुणीतरी बोट दाखवायला हवे.

घरची बोली सुधारून मग शिकवू, असे म्हटले तर मूल गप्प होते. पाच वर्षांचे मूल गप्प झाले की शिकणे थांबते. त्याऐवजी ताई पुस्तकातल्या बकरीकडे बोट दाखवून विचारते, “बकरी काय करून राह्यली?” मूल म्हणते, “पाला खाऊन राह्यली.” ताई पुढे जाते, “हो, बकरी पाला खाते आहे. कोणता पाला असेल बरं?” चूक काढली नाही, वाक्य मात्र प्रमाण मराठीत परत आले, आणि प्रश्नाने बोलणे पुढे सरकले. तांड्यावरच्या मुलांसाठी याच जागी पहिले काही महिने गोरबोलीतले शब्द मराठीच्या शेजारी ठेवावे लागतात. वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलाला दुभाषा करता येतो. त्याने त्या मुलाचाही भाव वाढतो.

गोष्ट वाचताना

गोष्ट सांगणे आणि गोष्ट वाचून दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अंगणवाडीला दोन्ही हव्यात. तोंडी गोष्टीत ताईचा चेहरा, हातवारे, आवाज असतो. पुस्तकातून वाचताना मूल पाहते की ताई पानावरच्या काळ्या खुणांकडे बघून बोलते आणि उद्या पुन्हा तेच पान उघडले की तेच शब्द येतात. लिहिलेले शब्द बदलत नाहीत, हा त्याचा मोठा शोध असतो. अक्षरओळख व्हायच्या आधी मूल पुस्तक उघडून ‘वाचायला’ लागते, चित्र बघून आठवणीतली वाक्ये म्हणते. घरचे हसतात, “येतं कुठं त्याले वाचता!” पण हे सोंग नव्हे, वाचनाची पहिली पायरी आहे. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी १९६० च्या दशकात याच गोष्टीकडे शिक्षकांचे लक्ष वेधले.

अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेइरो यांनी मुलांशी बोलून आणखी एक गमतीची गोष्ट नोंदवली. मोठ्या वस्तूचे नाव लांब असणार, छोट्याचे आखूड, असे मुलांना वाटते. आपल्याकडे विचारून बघा : ‘हत्ती’ आणि ‘फुलपाखरू’ यांपैकी कोणता शब्द लांबलचक लिहिला असेल? बहुतेक लेकरे हत्तीकडे बोट दाखवतील. हत्ती दोन अक्षरांत आटोपतो आणि फुलपाखराला पाच अक्षरे लागतात हे कळले की शब्द वस्तूचे चित्र काढत नाही, आवाजाचे काढतो, हे त्यांच्या ध्यानात येते. अशा चुका सुधारायच्या नसतात. त्या मुलाचा विचार चालू असल्याची खूण असतात.

मराठीत आता चांगली चित्रपुस्तके आहेत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका त्यांपैकीच. अशा पुस्तकांत घर, आजी, भांडण, झोप असते, म्हणजे मुलाचे स्वतःचे जग असते. तांड्यावरच्या किंवा शेतातल्या मुलाचे जग त्यांत नसेल तर ताईने ते स्वतः बनवावे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मुलांनी सांगितलेली दोन वाक्ये मोठ्या कागदावर लिहायची, खाली त्यांनी काढलेली चित्रे चिकटवायची. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी हेच केले. मुलाच्या मनातला शब्द मागायचा, तो चिठ्ठीवर लिहून त्यालाच द्यायचा. तो शब्द मूल विसरत नाही, कारण तो त्याचाच असतो.

बोटांचे काम

लिहिण्यासाठी मनगट आणि बोटांतले छोटे स्नायू तयार व्हावे लागतात. तीन वर्षांच्या मुलाला ते पेन्सिलीचे काम झेपत नाही. जबरदस्तीने गिरवायला लावले की ते मुठीत पेन्सिल धरते, पाटीवर जोर देते आणि दमते. चुकीची पकड पडली की ती पुढे मोडणेही अवघड. म्हणून आधी मातीचे गोळे, चिकणमातीचे बैल, तुरीच्या शेंगा सोलणे, मणी ओवणे, कागद फाडणे, वाळूत बोटाने रेघा ओढणे. माँटेसरींच्या शाळेत खरबरीत कागदाची अक्षरे बोटाने चाचपायला देत. इथे तेच काम जमिनीवर पाण्याने किंवा रांगोळीने होते. घरी अंगणात रोज रांगोळी काढणारी आई म्हणजे ठिपके जोडण्याची शिक्षिकाच. तिच्या शेजारी बसून मूल सरळ, तिरकी, वळणदार रेघ शिकते, आणि देवनागरी अक्षर याच रेघांचे बनलेले आहे.

अक्षरे कधी, आणि कुठून सुरुवात

पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला अक्षरांची ओढ लागते. ते दुकानाच्या पाट्या विचारू लागते, आपले नाव लिहून मागते. तेव्हा अक्षरे द्यायची. कोणती आधी, हा प्रश्न महाराष्ट्रात काही संस्थांनी नीट हाताळला आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी अक्षरांचे छोटे गट घेऊन, त्यांत काना-मात्रा लवकर आणून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायची पद्धत बसवली. समजा म, क, ल, र आणि काना एवढेच आले. तेवढ्यात मका, काम, लाल, मला, राम, काल हे शब्द तयार होतात आणि ‘मामाला मका’ असा मजेशीर तुकडासुद्धा वाचता येतो. क, ख, ग, घ, ङ अशा ओळीने गेले तर पहिल्या पाच अक्षरांत धड एक वाक्य जमत नाही, आणि ङ तर मूल पुढची कित्येक वर्षे कुठे वाचतही नाही.

पालघर जिल्ह्यात नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था अंगणवाड्यांसाठी ‘पालवी’ हा कार्यक्रम चालवते. त्याच भागात वाडा इथे आणि कर्नाटकातल्या यादगीरला पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. वर्गातला बराचसा वेळ नक्कल करणे आणि एका सुरात म्हणणे यांत जातो, अर्थावर बोलणे फार कमी होते, आणि तिसरीपर्यंत पोचूनही पुष्कळ मुले अडखळत वाचतात, असे त्यातून समोर आले. म्हणजे पायाचा प्रश्न अंगणवाडीत सुरू होतो आणि पहिलीत संपत नाही.

वहीऐवजी काय पाहायचे

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. तीन वर्षे शाळेपूर्वीची आणि पहिली-दुसरी मिळून तो होतो. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत मोहिमेचे ध्येय तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे आहे. धोरणाचा अर्थ साध्या शब्दांत असा की अंगणवाडीतल्या मुलाला अक्षर यावे म्हणून धावपळ करायची गरज नाही. त्यासाठी पुढे आणखी दोन-तीन वर्षे हातात आहेत. पण बोलणे, ऐकणे, चित्र काढणे, गोष्ट कळणे यांची वर्षे एकदा गेली की पहिलीच्या पुस्तकातून ती भरून निघत नाहीत.

म्हणून पालकाने वही चाळण्यापेक्षा अंगणवाडीत किंवा कॉन्व्हेंटात काही वेगळ्या गोष्टी पाहाव्यात. माझे मूल घरी आले की दिवसाची गोष्ट ओळीने सांगते का? त्याला चार गाणी येतात का, आणि ती म्हणताना ते शब्द बदलून खेळते का? पुस्तकांच्या कोपऱ्यातली पुस्तके हाताळून जुनी झाली आहेत का? त्याच्या बोलीत बोलले तर ताई ऐकते का? भिंतीवर छापील तक्त्यांबरोबर मुलांनी काढलेली चित्रेही आहेत का? या पाच प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर पाटी कोरी असली तरी चालेल. आणि उत्तरे ‘नाही’ असतील तर भरलेली वही मुलाच्या वाचनाबद्दल फार काही सांगत नाही.

सेविकेचे काम रजिस्टर भरण्यापेक्षा मोठे आहे, हे गावाने ओळखले तर तिला वेळही मिळेल. ग्रामसभेत शाळेच्या छपराविषयी बोलले जाते, अंगणवाडीतल्या चित्रपुस्तकांविषयी क्वचितच. मंगरूळपीरच्या वऱ्हाडी, उर्दू आणि गोरबोली मुलांपुढे पुढची बारा वर्षे प्रमाण मराठी, उर्दू किंवा इंग्रजीचे पुस्तक असणार आहे. ते त्यांना पेलावे यासाठी तीन ते सहा या वयात गावाने खर्च करायची गोष्ट फार मोठी नाही : काही पुस्तके, थोडी माती आणि ऐकणारी ताई.